नवी एकांकिका कशी वाचावी? : रसग्रहणाचा एक पाठ

प्रस्तुत लेख नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि स्नेहसंमेलनाची जबाबदारी दरवर्षी ज्यांच्यावर येते, त्या आपल्या शाळेतील तरुण शिक्षकांसाठी लिहिला आहे. पाठ्यपुस्तकातील नाट्यउताऱ्याचे रसग्रहण आपण सर्वजण शिकतो आणि शिकवतो. तेथे लेखकाचा परिचय दिलेला असतो, उताऱ्याचे सार दिलेले असते, आणि ती कलाकृती चांगली आहे हे आधीच ठरलेले असते. विद्यार्थ्याने ते चांगलेपण चार परिच्छेदांत मांडायचे एवढेच काम उरते. दिवाळीनंतर जेव्हा शाळेच्या कार्यालयात नव्या एकांकिकांच्या टंकलिखित प्रती येऊन पडतात, तेव्हा मात्र हा सगळा आधार नाहीसा होतो. लेखक तिशीतला असतो, त्याचे नाव कोणी ऐकलेले नसते, त्याच्यावर कोणी समीक्षा लिहिलेली नसते. अशा वेळी ‘ही एकांकिका चांगली आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याला स्वतःच्या कानांनी आणि स्वतःच्या बुद्धीने शोधावे लागते. ते कसे शोधावे, हा या पाठाचा विषय आहे.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. म्हणून सुरुवात एका जुन्या निकालापासून करतो.

१८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. एक अडाणी कुणबी, त्याची गरोदर बायको, त्यांना ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, मध्येच भेटणारा पाद्री आणि या सर्वांवर टोचून बोलणारा विदूषक, अशी त्याची रचना आहे. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकायला निघते. कमिटीने हे नाटक नाकारले. ते छापून वाचकांसमोर आले १९७९ साली, म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आज ज्या नाटकाचा उल्लेख टाळता येत नाही, त्याच्यावरील पहिला निकाल ‘नापसंत’ असा होता, हे माझ्या विद्यार्थ्यांनी कायम लक्षात ठेवावे असे मला वाटते. परीक्षकांना नाटक कळले नसेल, किंवा फार चांगले कळले असेल. दोन्ही शक्यता आहेत. नव्या कृतीसमोर बसणारा माणूस आपले हितसंबंध आणि आपल्या सवयी घरी ठेवून येत नाही, एवढे मात्र यातून दिसते.

दुसरा निकाल अगदी अलीकडचा. पुण्याची महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. या स्पर्धेच्या मंचावर उभे राहिलेले कितीतरी विद्यार्थी पुढे मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत नावारूपाला आले. २०२२ साली अंतिम फेरी संपल्यावर परीक्षकांनी असा निर्णय दिला की, करंडक द्यावा अशी एकही एकांकिका त्या वर्षी सादर झालेली नाही. महाराष्ट्रभर वाद झाला. कोणी परीक्षकांना कठोर म्हटले, कोणी स्पष्टवक्तेपणाचे कौतुक केले. मी त्या एकांकिका पाहिलेल्या नाहीत, तेव्हा त्या निकालाच्या योग्यायोग्यतेत शिरत नाही. परंतु त्या वादात मला एक गोष्ट जाणवली: बहुतेक चर्चा करंडक द्यावा की न द्यावा याची होती; त्या एकांकिकांत माणसे काय बोलत होती, कशासाठी झगडत होती, याची चर्चा फारच थोडी झाली. आपण निकालावर जेवढे बोलतो, तेवढे कृतीवर बोलत नाही. रसग्रहणाची गरज नेमकी इथे सुरू होते.

आता एकांकिका या प्रकाराकडे वळू. साधारण पाऊण ते एक तासात संपणारे, एकाच अंकाचे नाटक, ही तिची व्याख्या सर्वांना पाठ असते. पण वेळ कमी आहे म्हणून ती मोठ्या नाटकाची लहान आवृत्ती ठरत नाही. तीन अंकी नाटकाला पात्रांचे बालपण सांगायला सवड असते. एकांकिकेला ती नसते. म्हणून चांगली एकांकिका भांडण पेटल्यानंतर सुरू होते. पडदा उघडतो तेव्हा माणूस आधीच दारात उभा असतो, कर्जाची मुदत आधीच संपलेली असते, पाणी आधीच आटलेले असते. मागचे सगळे आपल्याला बोलण्यातून, आणि त्याहून अधिक न बोलण्यातून, ओळखावे लागते. पुण्यातील एक शिक्षक शंकर काशिनाथ गर्गे, म्हणजेच ‘दिवाकर’, यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. त्यात एकच व्यक्ती बोलते आणि समोरच्याची उत्तरे आपण तिच्या बोलण्यावरून ताडायची असतात. एकांकिका वाचण्याचा सराव ज्याला करायचा आहे, त्याने प्रथम नाट्यछटा मोठ्याने वाचून पाहाव्यात. मौन ऐकण्याची सवय तिथे लागते.

मोठ्याने वाचावे, हे मी मुद्दाम म्हणतो. नव्या एकांकिकेची प्रत हाती आली की ती एकट्याने डोळ्यांनी वाचून मत बनवू नये. चार विद्यार्थ्यांनी भूमिका वाटून घेऊन, वर्गात किंवा वसतिगृहाच्या ओसरीवर, ती सलग वाचावी. कागदावर भारदस्त वाटणारी वाक्ये तोंडात येताच अडखळतात, आणि कागदावर क्षुल्लक वाटलेले ‘बरं’ किंवा ‘हं’ अचानक अंगावर येते. वाचन संपल्यावर लगेच ‘आवडली का?’ असे विचारू नये. माझा पहिला प्रश्न असा असतो: या एकांकिकेत सर्वांत कमी कोण बोलले, आणि का? दुसरा प्रश्न: रंगमंचावर जी वस्तू आहे, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली? या दोन प्रश्नांनी निम्मे रसग्रहण आपोआप होते. उरलेल्या निम्म्याला अभ्यास लागतो.

वस्तूचा प्रश्न का महत्त्वाचा, हे प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेवरून समजते. ही एकांकिका १९७७ सालची आहे. ती नवी म्हणता येणार नाही. परंतु तिच्या लेखकाने पुढची चार दशके लिहिणे थांबवले नाही, २०१९ साली नागपूरच्या नव्व्याण्णवाव्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि मराठीत त्यानंतर लिहिल्या गेलेल्या अनेक छोट्या नाटकांना तिने वाट दाखवली. तिचे शीर्षकच वस्तू सांगते. पाणी, तेही घोटभर. तहान आणि जात यांना समोरासमोर उभे करायला लेखकाला राजवाडा लागत नाही, देवळाचा देखावा लागत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना एक तरुण नाटककार घोटभर पाण्यावर एकांकिका लिहितो, याचा अर्थ तळ्याचा कायदेशीर प्रश्न सुटला तरी पाण्याचा प्रश्न गावागावात शिल्लक होता. हा अर्थ एकांकिकेत कोणी भाषण करून सांगावा लागत नाही. ज्याच्या हातात भांडे आहे आणि ज्याच्या हातात नाही, त्यांच्यामधील अंतर प्रेक्षक स्वतः मोजतो.

याच गज्वींनी २००३ साली बोधी नाट्य परिषद स्थापन केली. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ हा जुना वाद आपण अकरावीत शिकतो. गज्वींनी त्यात ‘ज्ञानासाठी कला’ ही तिसरी भूमिका मांडली. परिषदेच्या नाट्यलेखन कार्यशाळांत लेखक आपले नवे नाटक इतरांसमोर वाचतो, त्यावर चर्चा होते, आणि तो पुन्हा लिहायला बसतो. मला ही पद्धत आपल्या परंपरेशी जवळची वाटते. आपण रोज धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ हा शब्द उच्चारतो. ये आणि स्वतः पाहा, एवढाच त्याचा अर्थ. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश केला. नव्या नाटकासमोर बसताना यापेक्षा उत्तम तयारी मला माहीत नाही. मात्र त्यात ‘आपल्या माणसाने लिहिले म्हणून’ हेही कारण अंतर्भूत आहे, हे आपण सोयीने विसरतो. मीही विसरलो होतो; ते पुढे सांगतो.

येथे एक शंका. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेताना आपण नृत्य, गीत, तमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचे शील घेतो. मग नाटक कसे चालते?’ प्रश्न रास्त होता. मी त्याला सांगितले की ते शील त्या दिवसापुरते, मन आवरण्यासाठी आहे. शिवाय सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे गृहस्थ असताना राजगृहाच्या डोंगरावरील उत्सवात खेळ पाहायला बसले होते, आणि तो पाहता पाहताच त्यांच्या मनात विचार जागा झाला, अशी कथा आहे. या दोघांच्या दीक्षेवर अश्वघोषाने ‘शारिपुत्रप्रकरण’ हे नाटक लिहिले. त्याच्या हस्तलिखिताचे तुकडे मध्य आशियात सापडले, आणि संस्कृत नाटकाचे ते आज उपलब्ध असलेल्यांतील सर्वांत जुने अवशेष मानले जातात. भारतीय नाटकाच्या उपलब्ध इतिहासाचे पहिले पान एका बौद्धाच्या हातचे आहे, हे ऐकून तो मुलगा खूश झाला. मी मात्र त्याच्या प्रश्नावर अधिक खूश होतो.

आता या पाठातील मुख्य उदाहरण. प्राजक्त देशमुख हे नाशिकचे आजच्या पिढीतील नाटककार. त्यांची ‘देवबाभळी’ आधी एकांकिका म्हणून रंगमंचावर आली. पुढे तिचे दोन अंकी संगीत नाटक झाले, ते २०१७ च्या अखेरीस भद्रकाली प्रॉडक्शन्सने व्यावसायिक रंगभूमीवर आणले, आणि या संहितेसाठी लेखकाला साहित्य अकादमीचा २०२० चा युवा पुरस्कार मिळाला. रंगमंचावर फक्त दोन स्त्रिया. एक आवली, म्हणजे तुकारामांची पत्नी. दुसरी लखूबाई, ती खरे तर रुक्मिणी आहे. डोंगरावर बसलेल्या नवऱ्याला भाकरी द्यायला निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो, आणि विठ्ठल तो काढतो. त्या जखमी बाईची शुश्रूषा करायला रुक्मिणी वेष पालटून तिच्या घरी राहते. विठ्ठलही रंगमंचावर येत नाही, तुकारामही येत नाहीत. ज्यांच्या नावाने महाराष्ट्रात इतके ग्रंथ लिहिले गेले, ते दोघे अनुपस्थित, आणि ज्यांना त्या ग्रंथांत कजाग किंवा रुसलेली एवढीच ओळख मिळाली, त्या दोघी समोर. मघाचा प्रश्न येथे उलटा करून विचारावा लागतो: ज्यांना आजवर कोणी बोलू दिले नव्हते, त्या बोलू लागल्यावर काय म्हणतात?

ही संहिता मी अकरावीच्या वर्गात वाचायला घेतली, तेव्हा पहिल्याच तासाला एक विद्यार्थी उभा राहिला. ‘सर, आपण बावीस प्रतिज्ञा मानतो. मग आपल्या शाळेत रुक्मिणी कशाला?’ वर्गात शांतता पसरली. काही सहकाऱ्यांनीही मला शिक्षक-कक्षात हाच प्रश्न, थोड्या वेगळ्या आवाजात, विचारला होता. या प्रश्नाला टाळून जे रसग्रहण होईल ते खोटे ठरेल, म्हणून मी पुढचे दोन तास त्याच्यासाठी दिले.

पहिल्या तासात आम्ही इतिहास पाहिला. आवली ही पुण्याच्या अप्पाजी गुळवे या सावकाराची मुलगी, लग्नानंतर देहूला आली. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकारामांचे घर कोलमडले. त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे तुकारामांनी कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. संतचरित्रात हे वैराग्य म्हणून येते. पण त्या दिवशी घरात पीठ किती होते, हा प्रश्न चरित्रकार विचारत नाहीत, आवली विचारते. तिच्या रागाला हिशेबाचा आधार आहे. आमच्या वर्गातील ज्या मुलींनी आईला दुकानदाराच्या वहीसमोर उभे राहिलेले पाहिले आहे, त्यांना आवली समजावून सांगावी लागली नाही.

आणि बाबासाहेबांचे काय? ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकापासून शिरोभागी तुकारामांचा अभंग छापलेला होता. २५ डिसेंबर १९५४ रोजी, तुकारामांच्या देहूपासून जवळच असलेल्या देहूरोड येथे, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि त्या प्रसंगी पंढरपूरच्या विठ्ठलाविषयीचे आपले वेगळे मतही मांडले. त्या मताची ऐतिहासिक चिकित्सा हा स्वतंत्र विषय आहे. मला मुलांच्या लक्षात आणून द्यायचे होते ते एवढेच की, ज्यांनी देव नाकारला त्यांनी संतांचे शब्द वाचणे सोडले नव्हते.

दुसऱ्या तासाला मी रमाईंचा प्रसंग सांगितला. रमाईंना पंढरपूरला जाण्याची ओढ होती. अस्पृश्याला जिथे देवळाबाहेरूनच परतावे लागते, तिथे जायचे कशाला, असे म्हणून बाबासाहेबांनी त्यांना नकार दिला, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. आपण हा प्रसंग नेहमी बाबासाहेबांच्या बाजूने सांगतो, आणि तसा सांगणे योग्यच आहे. पण त्या दिवशी वर्गात एका मुलीने हळूच विचारले, ‘सर, मग रमाई काय म्हणाल्या?’ मला उत्तर देता आले नाही. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पंढरपूरचे मंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली सर्वांसाठी खुले झाले. या बारा वर्षांच्या अंतरात एका बाईचे न बोललेले वाक्य कुठेतरी पडून आहे. ‘देवबाभळी’ रमाईंवर नाही, तिच्या लेखकाने तसा दावाही केलेला नाही. पण थोर पुरुषाच्या घरातील बाईला बोलते करण्याची जी वाट या नाटकाने धरली आहे, तिने आमच्या वर्गाला या प्रश्नापर्यंत आणून सोडले. रंगमंचावरची रुक्मिणी पूजेसाठी नाही. ती आवलीच्या पायाला औषध लावते, तिचे टोमणे ऐकते, आणि स्वतःच्या एकटेपणाबद्दल बोलते. नाटकात आलेला देव हा पात्र असतो; पात्राला जाब विचारता येतो.

याचा अर्थ नाटक निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप मी वर्गात मांडला आणि येथेही मांडतो. आवलीचा राग हा भुकेतून आलेला आहे. भूक दुष्काळातून, सावकारीतून आणि समाजरचनेतून आलेली आहे. या रागाचे पुढे काय होते? संगीत, अभंग आणि दोघींमधील माया यांत तो विरघळतो, प्रेक्षकाचे डोळे ओले होतात, आणि भुकेचा प्रश्न मागे राहतो, असे मला वाटते. विशेषतः दोन अंकी रूपात गाण्यांचा गोडवा वाढला, तशी आवलीच्या जिभेची धार काहीशी कमी जाणवते. एकांकिकेच्या आखूड वेळेत जी टोचणी काट्यासारखी राहू शकते, ती मोठ्या नाटकाच्या सवडीत निघून जाण्याचा धोका असतो. आक्षेप ऐकून, ज्याने बावीस प्रतिज्ञांचा प्रश्न विचारला होता, तोच विद्यार्थी म्हणाला, ‘पण सर, त्या दोघी एकमेकींचं ऐकतात, देवाचं कोण ऐकतंय तिथं?’ त्याचे हे वाक्य मी माझ्या टिपणवहीत उतरवून ठेवले आहे. माझ्या आक्षेपाला ते पूर्ण उत्तर नाही. पण पहिल्या तासाला उठून उभा राहिलेला मुलगा तिसऱ्या तासाला नाटकाच्या बाजूने, नाटकातलाच पुरावा देऊन बोलत होता. मत कोणत्याही बाजूचे असो, पुरावा संहितेतला हवा. रसग्रहणाला मी गुण देतो ते यासाठी.

आता माझी चूक.

दहा-बारा वर्षांपूर्वी नववीतील एका मुलाने स्वतः लिहिलेली एकांकिका माझ्याकडे आणून दिली. त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जात. एकांकिका त्याच घराची होती. बहीणभाऊ दोघेही शाळेत, वडील आजारी. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि कोयता अर्धा झालेला. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, हे आपल्या भागातील वाचकांना सांगायला नको. दोघांपैकी एकाने आईबरोबर फडावर जायचे आहे. पंधरा मिनिटांच्या त्या नाटकात बहीण फारच थोडे बोलते. शेवटी ती भावाची पेटी भरते, त्याची पुस्तके नीट लावते, आणि आपल्या अर्ध्या लिहिलेल्या वहीची पाने फाडून कोयत्याच्या पात्याला गुंडाळते. मग बाहेर जाते. संपले.

मला ते अपुरे वाटले. तालुक्याच्या स्पर्धेत आपल्या शाळेची एकांकिका जाणार, तर तिच्यात विचार स्पष्ट यायला हवा, अशी माझी समजूत होती. मी शेवटी त्या मुलीच्या तोंडी दोन मिनिटांचे भाषण घातले. शिक्षण, संघटन, संघर्ष, बाबासाहेबांचे नाव, सर्व काही त्यात होते. भाषण चांगले होते; ते मी लिहिले होते. स्पर्धेत टाळ्या पडल्या, दुसरा क्रमांक आला, फोटो निघाला. परतीच्या गाडीत तो मुलगा माझ्या शेजारी बसला होता. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘सर, तिला एवढं बोलता आलं असतं, तर ती गेलीच नसती.’

मी त्याला काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही. त्यानंतर शाळेत असेपर्यंत त्याने दुसरी एकांकिका लिहिली नाही.

त्याच्या त्या वाक्यात रंगभूमीचे जे शास्त्र होते ते मला एम.ए.च्या अभ्यासात किंवा परीक्षक म्हणून बसल्यावर कधी सापडले नव्हते. विचार पात्राच्या परिस्थितीतून येतो. जी मुलगी मोर्चात उभी राहून बोलू शकते, तिची गोष्ट वेगळी. तीही लिहावी, आणि आंबेडकरी जलशांपासून आपल्याकडे ती उत्तम लिहिली गेली आहे. जलशाचा शाहीर थेट लोकांशी बोलतो, कारण तो त्यासाठीच उभा राहिलेला असतो. तिथे भाषण हीच कृती असते. या मुलीची कृती पेटी भरणे ही होती. मी तिच्या हातातली कृती काढून घेतली आणि माझे शब्द तिच्या तोंडात कोंबले. कालामांना सांगितलेला उपदेश मी वर्गात शिकवत होतो, आणि ‘आपला विचार आहे म्हणून चांगले’ या एकाच मापाने विद्यार्थ्याचे लेखन मोजत होतो. १८५५ च्या कमिटीवर टीका करताना हा प्रसंग मला आठवतो, आणि आवाज थोडा खाली येतो.

तरुण शिक्षकांना म्हणून एवढीच विनंती की, नवी एकांकिका बसवताना तिच्या शेवटाला हात लावण्यापूर्वी ती निदान तीनदा मोठ्याने वाचून घ्यावी, आणि लेखक हयात आणि हाताशी असेल तर त्याला विचारावे. समकालीन लेखकाचा हा एक मोठा फायदा आहे. दिवाकरांना आपण काही विचारू शकत नाही. प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, किंचाळ्या आणि मध्येच होणारा अंधार यांवर आंतरशालेय स्पर्धांत जो खर्च आणि जी शक्ती जाते, तिचा चौथा हिस्सा संहिता समजून घेण्यात गेला, तरी पुष्कळ होईल. विद्यार्थ्यांनीही रसग्रहण लिहिताना ‘ही एकांकिका हृदयाला भिडते’ यासारखी वाक्ये टाळावीत. कोणत्या क्षणी भिडली, त्या क्षणी रंगमंचावर कोण कुठे उभे होते आणि कोणाच्या हातात काय होते, ते लिहावे.

यंदाच्या संमेलनात ती ऊसतोडीची एकांकिका पुन्हा बसवत आहोत, मूळ शेवटासह. मूळ प्रत माझ्या कपाटात होती. माझे भाषण वेगळ्या शाईत असल्याने काढणे सोपे गेले. लेखक आता तिशीच्या जवळ आला आहे आणि दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी करतो. परवानगीसाठी फोन केला, तेव्हा त्याने पैशांविषयी किंवा नावाविषयी काही म्हटले नाही. वही कोरी नको, खरोखर अर्धी लिहिलेली हवी, एवढेच सांगितले. नववीतील एका मुलीने तिची गेल्या वर्षीची भूगोलाची वही त्यासाठी दिली आहे.